बिंदग्याची गोधडी

येळवशीला लातूरकडची माणसं घरी जेवत नाहीत. मार्गशीर्षातली ही अमावास्या म्हणजे शेताचा सण. पुण्या-मुंबईला नोकरी करणारेही रजा टाकून येतात, आणि त्या दिवशी लातूर शहरात साधा चहा मिळायची मारामार. माझं माहेर इस्लापूरच्या बाजूला, जंगलाकडं. तिकडं हे प्रस्थ नाही. म्हणून लग्नानंतर पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं होतं, "आत्याबाई, डबेच भरायचे तर घरी बसून जेवलं तर काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आत्याबाईंचा सगळा मान होता आंबिलीत. औशाच्या रस्त्याला आमचं शेत. आजूबाजूच्या शेतातली माणसं पिठाचे उंडे आणि हिरव्या दाण्यांची भज्जी आपापल्या कडब्याच्या कोपीत बसून खायची, पण आंबील प्यायला आमच्याकडं यायची. एक वाटी झाली की दुसरी मागायची. आत्याबाई आधी "न्हाई उरली" म्हणायच्या, मग वाढायच्या. वर्षभर घरात त्यांना कुणी फार विचारत नसे. तो एक दिवस मात्र त्यांचा होता.

करायची रीत साधी. ज्वारीचं पीठ ताकात कालवायचं, मातीच्या बिंदग्यात भरायचं, दोन रात्री आंबू द्यायचं. अमावास्येच्या सकाळी ते शिजवायचं, लसूण-कोथिंबीर घालायची आणि परत बिंदग्यात भरून शेतात न्यायचं. त्या दिवसांत थंडी अशी पडायची की बिंदगं उघडं ठेवलं तर पीठ नुसतं गार पडून राहायचं. म्हणून त्याला गोधडी गुंडाळायची. एक जुनी गोधडी खास त्याच्यासाठीच होती. बाळंतिणीच्या लेकराला गुंडाळतात तसं आत्याबाई बिंदग्याला गुंडाळायच्या, आणि तसंच गुंडाळायला त्यांनी मला शिकवलं.

मग एका वर्षी आंबील बिघडली. पहिल्या घोटालाच दात आंबले. माझ्या दिरांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "माय, तुझा हात गेला आता." चेष्टेनंच म्हणाले. दीर बोलायला मोकळे, आणि मोकळं बोलायला त्यांना परवडतं. लातुरात त्यांचं कूलर-एसीचं दुकान आहे. उन्हाळा लांबत गेला तसं दुकान वाढत गेलं, शेजारचा गाळाही घेऊन झाला. सगळे हसले. आत्याबाईही हसल्या. शेजारच्या शेतातली माणसं आली, वाटीभर प्यायली, दुसरी कुणी मागितली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. या वेळी कुणी चेष्टा केली नाही, आणि ते जास्त वाईट झालं. परत आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "येत्या साली तूच कर. मला आता उमगंना."

गोष्ट एका आंबिलीवर थांबली असती तर मी इथं लिहीत बसले नसते. त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. वरणात मीठ टाकायच्या आणि मला हाक मारायच्या, "अगं, टाकलंय का मी? चाखून बघ बरं." हळूहळू मीठ टाकायचंच सोडलं. मग पीठ मळायचं सोडलं. नवऱ्यानं त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणं सगळं ठीक आहे. ते 'वयाप्रमाणं' त्यांनी मनाला लावून घेतलं. दिवसभर खाटेवर बसून राहायला लागल्या. मला राग यायचा, पण कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आंबील माझ्याकडं आली. त्या साली पाऊस दिवाळी झाली तरी जायचं नाव घेईना. सोयाबीन उभ्या शेतात काळं पडलं. हरभरा उशिरा पेरला, त्याला येळवशीपर्यंत घाटेच धरले नाहीत. भज्जीसाठी हिरवा हरभरा बाजारातून आणला. कोपीला कडबाही विकतचा. ज्वारी आम्ही केव्हाच सोडली होती, जिकडं तिकडं सोयाबीन नाहीतर ऊस. बांधावरचे कडुलिंब रस्ता रुंद झाला तेव्हाच गेले. गाडी आता अर्ध्या वेळात शेतात पोचते म्हणून तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता.

मी सगळं आत्याबाईंच्या रीतीनं केलं. पीठ कालवलं, बिंदगं भरलं, गोधडी गुंडाळली. अमावास्येच्या सकाळी गोधडी सोडायला गेले तर स्वयंपाकघरात शिरतानाच आंबट वास आला. गोधडीच्या आत हात घातला, चांगली ऊब होती. आणि मी तशीच उभी राहिले, कारण डोक्यावर पंखा फिरत होता. बाहेरच्या खोलीतही फिरत होता. नवरा नुसत्या बनियनवर झोपला होता. आत्याबाईंनी पायावरची चादर खाली ढकलून दिली होती. मार्गशीर्षात आमच्या घरात गोधडी पांघरून झोपणारं एकच होतं, बिंदगं.

दुसरं पीठ आंबवायला वेळ नव्हता. आहे तेच शिजवलं. शेतात जाईपर्यंत आणखी आंबायला नको म्हणून बिंदगं गाडीत पुढं माझ्या मांडीवर घेतलं आणि दिरांना एसी लावायला सांगितलं. खिडक्या बंद करून, गार वारा सोडून आम्ही औशाच्या रस्त्यानं आंबील नेली.

दिरांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वैनी, तुमचा बी हात गेला की काय?"

मी म्हटलं, "गप बसा हो. आत्याबाईंना द्या आधी."

आत्याबाईंनी चाखलं. पुन्हा चाखलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "ही तर माझ्यावानीच झाली."

"तुमच्यासारखीच झाली," मी म्हटलं. "रीत तुमचीच, गोधडी बी तुमचीच. आपण सगळे पंख्याखाली झोपून राहिलो आत्याबाई, आणि त्या बिंदग्याला पांघरूण घालून राहिलो."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, अंग हलवून हसल्या.

"म्हंजी माझा हात गेला न्हाई," त्या म्हणाल्या. "थंडी गेली व्हय!"

ती आंबट आंबील त्या दोन वाट्या प्यायल्या. शेजारच्या कोपीत स्वतः चालत गेल्या आणि तिथल्या बायकांना सांगून आल्या, हात शाबूत हाय माझा, थंडीच पडंना त्याला मी काय करू. घरी गेल्यावर रात्रीचं वरण मी करते म्हणाल्या, मीठ कुणी चाखायचं न्हाई. मला बरं वाटलं. खरंच लई बरं वाटलं.

फक्त मला त्यांच्यासारखं हसता येईना. त्यांचा हात गेला असता तर घरात माझा हात होता, त्यासाठीच तर त्यांनी मला शिकवलं होतं. थंडीच्या जागी उभं राहायला कुणाला शिकवून ठेवलं आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. बिंदगं रिकामं होतं, आता काही आंबायचं उरलं नव्हतं. दिरांनी सवयीनं खिडक्या वर केल्या, एसी लावला, आणि आमच्यापैकी कुणी नको म्हणालं नाही.