मामांचं स्टूल

क्रांती चौकातल्या दुकानात मी ब्लेझर घालून पाहिला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, बिलकुल प्रोफेशनल दिसताय." आरशात मला मात्र दुसऱ्या कुणाचा तरी ब्लेझर मागून आणलेली मुलगी दिसत होती. बाह्या अंगठ्यापर्यंत येत होत्या. तरी घेतला. ऑडिट चार दिवसांवर आलं होतं आणि माझी नोकरी त्या ऑडिटला टांगलेली होती.

चितेगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात ट्रेनी होते. गाड्यांना लागणारे बुश, म्हणजे बोटभर लांबीच्या पोकळ लोखंडी नळ्या, तिथं बनतात. दोन वर्षं झाली तरी मी ट्रेनीच होते. मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "या वेळी ऑडिटला येणाऱ्या कस्टमरच्या माणसाला कारखान्यात तू फिरवायचंस. जमलं तर कायम. नाही जमलं तर मग बघू." 'बघू'चा अर्थ मला कळत होता, माझ्या आधीच्या दोन ट्रेनींचं असंच 'बघून' झालं होतं. त्यात पैठणजवळच्या आमच्या गावात वडिलांनी मी कायम झाले म्हणून सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. ते खरं नाही, हे त्यांना सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

त्या चार दिवसांत मी भीतीनं काय काय केलं ते आठवलं की आता हसू येतं, तेव्हा आलं नाही. फोनवर व्हिडिओ पाहून खोलीच्या दाराच्या कडीशी हस्तांदोलनाचा सराव केला. बोलताना तोंडातून 'व्हय' जायला नको म्हणून मनगटात रबर अडकवलं. शब्द निसटला की रबर ताणून सोडायचं. दुसऱ्या दिवशी मनगट लाल झालं, 'व्हय' होतं तिथंच होतं. जेवण जात नव्हतं. पहाटे जाग आली की मी पडल्या पडल्या इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायचे.

मॅनेजरांनी ऑडिटच्या आदल्या दिवशी सगळ्यांना मशीनजवळ उभं करून शेवटच्या सूचना दिल्या. शर्ट आत, केस नीट, मोबाइल लॉकरमध्ये. आणि शेवटी म्हणाले, "उद्या हे मामा-काका बंद. कस्टमरला वाटेल कारखान्यात आलोय की लग्नाच्या मांडवात. ऑपरेटरला नावानं बोलवायचं आणि ऑफिसच्या माणसाला सर, मॅडम. समजलं?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते मामाच.

मामा म्हणजे ग्राइंडिंग मशीनवरचे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. माझे नात्यानं कुणी नाहीत. आमच्याकडे वडीलधारा माणूस कामावर भेटला की तो मामा किंवा काका होऊन जातो, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. माझ्याकडे डिप्लोमा होता, पण मायक्रोमीटर धरायला मला मामांनी शिकवलं. "आवळू नको. बोटाला समजतंय ते," असं म्हणत त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या चुकीच्या मापांची अख्खी वही दुरुस्त करून घेतली होती, मॅनेजरांना पत्ता लागू न देता. त्यांच्या मशीनजवळ एक लोखंडी स्टूल असायचं, त्यावर गोणपाटाची घडी. मी फेरीवर गेले की मामा काम न थांबवता पायानं ते माझ्याकडे सरकवायचे. "बस पोरी. लई पळायलीस सकाळपासून." दिवसभरात मी बसायचे ती एवढीच.

ऑडिटच्या सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये चढले तेव्हा मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लई भारी दिसायलीस. साहेबीणच झालीस की गं!" मला हसायचं होतं. पण मी खिडकीकडे तोंड करून इंग्रजी वाक्यं पुटपुटत राहिले. पाठ केलेली उत्तरं लिहिलेलं कार्ड खिशात टाकायला गेले तर ब्लेझरचे दोन्ही खिसे शिवलेले निघाले. नव्या ब्लेझरचे खिसे उसवून घ्यायचे असतात, हे मला कोण सांगणार! कार्ड हातात धरलं, आणि चितेगाव येईपर्यंत घामानं त्यावरची शाई पसरली.

कस्टमरचा माणूस पुण्याहून आला होता. पन्नाशीचा, शांत. साध्या शर्टात. ब्लेझर फक्त माझ्या अंगावर होता. ते विचारायचे, ऐकायचे आणि काही न बोलता फायलीत लिहायचे. काय लिहितात ते दिसत नव्हतं. मागे मॅनेजर चालत होते आणि त्यांची नजर मला पाठीवर कळत होती.

ग्राइंडिंगवर आलो. पुण्याच्या साहेबांनी मामांना विचारलं, "माप बाहेर गेलं तर काय करता?"

प्रश्न सोपा होता. त्याचं उत्तर मीच मामांकडून शिकले होते. पण फाइल उघडून उभ्या असलेल्या साहेबांना पाहून मामाही बावरले असावेत. कापडाच्या बोळ्याला हात पुसत ते माझ्याकडे बघून हसले. "पोरी, तूच सांग की गं सायबांना, आपण काय करतो ते."

साहेबांचं पेन थांबलं. मला वाटलं, संपलं. दोन वर्षं, वडिलांनी गावभर सांगितलेली नोकरी, सगळं या एका 'पोरी'नं बुडालं. मी मामांना त्यांच्या नुसत्या नावानं हाक मारली. आमच्या गावात एवढ्या वयाच्या माणसाला तशी हाक कुणी मारत नाही.

"प्रश्न तुम्हाला विचारलाय. उत्तर तुम्ही द्या. आणि मला मॅडम म्हणा."

व्हिडिओत शिकवतात अगदी तसा आवाज लागला होता. संथ, सरळ.

मामांचा हात बोळ्यावर तसाच राहिला. मग ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी शाळेतल्या मुलासारखं सांगितलं, "मशीन बंद करतो. आधीचे पीस लाल पेटीत टाकतो. क्वालिटीला कळवतो, मॅडम." एक शब्द चुकला नाही.

साहेबांनी मान डोलावली, लिहिलं. मग फाइल मिटून मशीनकडे कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज एकदम स्वच्छ आहे हो मामा, मशीनचा. किती वर्षं चालवताय?"

"मामा आमचे पहिल्या दिवसापासून आहेत साहेब!" मागून मॅनेजर हसत म्हणाले.

कुणाला काही वाटलं नाही. मी तेवढी हातातलं कार्ड चुरगाळत उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याइतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

ऑडिट पास झालं. आठवड्यानं कायमचं लेटर हातात पडलं. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "मग, मी काय खोटं सांगत होतो का?" माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्या आठवड्यात मी काहीतरी कारण काढून ग्राइंडिंगची फेरी दुसऱ्यालाच करायला लावली होती आणि बसमध्ये पुढच्या सीटवर बसत होते. मामांसमोर जायची मला ऑडिटपेक्षा जास्त भीती वाटत होती.

शेवटी पेढे घेऊन गेले. ब्लेझर घातला नव्हता. माफी मागायचं वाक्य मनात घोकून ठेवलं होतं, मराठीत. मामा स्टुलावर बसून बुश मोजत होते. मला पाहिलं आणि उठून उभे राहिले. मी 'मामा' म्हणायच्या आत त्यांनी गोणपाटाची घडी झटकली, खांद्यावरच्या रुमालानं स्टूल नीट पुसलं आणि दोन पावलं मागं सरकले.

"बसा मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडून, रडून तो घालवला असता.

"मामा, असं नका ना करू."

"नाय नाय, बसा तुम्ही."

पेढा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, अभिनंदन म्हणाले. मी बसले नाही, म्हणून तेही बसले नाहीत. या गोष्टीला दीड वर्ष झालं. आता मी रोज ग्राइंडिंगवर जाते, रोज मामाच म्हणते, आणि रोज ते मला पाहून उठून उभे राहतात.