दाजींची पांढरी पूड

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, यजमानांइतका औषधांचा सखोल अभ्यास करून एकाही आजाऱ्याच्या उपयोगी न पडलेला माणूस निजामाच्या उभ्या राज्यात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. हैदराबादला उर्दूतून रसायनशास्त्र शिकून ते भूमला परतले, तेव्हा सरकारी नोकरी त्यांची वाट पाहत असल्याची गावाला खात्री होती. दाजींनी तिला वाट पाहू दिली. लढाई सुरू होती, चिघळलेल्या जखमांवर आणि तापावर चालणाऱ्या सल्फाच्या गोळ्या फौजेकडं जात होत्या आणि गावच्या सरकारी दवाखान्यात खोकल्याचं लाल पाणी तेवढं मुबलक होतं. तेव्हा सल्फा आपणच घरी करायचा, असं दाजींनी ठरवलं. गोठ्यातली गुरं बाहेर बांधली गेली आणि आत काचेची भांडी आली. गुरांनी तक्रार केली नाही. अक्कानं केली, पण तिची दखल घ्यायची पद्धत त्या घरात नव्हती.

दाजींचा सिद्धान्त असा, की औषध शेवटाकडून करायचं असतं. आधी हवा तो पदार्थ डोळ्यांपुढं ठेवायचा, तो कशापासून होईल ते पाहायचं, मग ते कशापासून, असं मागं मागं जात बाजारात मिळणाऱ्या वस्तूपर्यंत पोचायचं. सल्फाच्या बाबतीत ते डांबरातून निघणाऱ्या एका तेलापर्यंत पोचले होते. इथवर ठीक होतं. पण ही विद्या त्यांनी संसारालाही लावली. एकदा अक्कानं सणाला काय करू म्हणून विचारलं. दाजी म्हणाले, "पुरणपोळी. म्हणजे पुरण. म्हणजे डाळ आन् गूळ. म्हणजे हरभरा आन् ऊस." एवढं बोलून ते विचारात पडले आणि भूमच्या कोरड्या रानात ऊस कसा येणार, या अडचणीपाशी तो सण संपला.

दुसरी त्यांची आवडती गोष्ट म्हणजे झाकण. त्या तेलाच्या रेणूचं एक टोक फार नाजूक. जहाल तेजाबाशी गाठ पडली की ते भलतंच काही करून बसतं. म्हणून आधी त्यावर दुसऱ्या रसायनाचं झाकण घालायचं, तेजाबाचं काम उरकायचं आणि शेवटी झाकण काढायचं. आपल्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीत त्यांनी हेच केलं. त्यांचे एक चुलते जिथं जात तिथली बैठक मोडून येत. दाजींनी बोलणी करायच्या दिवशी त्यांना येडेश्वरीला नवस फेडायच्या निमित्तानं येरमाळ्याला धाडलं, सुपारी फोडून घेतली आणि मग बोलावून आणलं. प्रयोग यशस्वी झाला. झाकण काढल्यावर चुलते जे बोलले, ते मात्र कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही.

सामान आणायला ते सायकलवर बार्शीला जात. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, त्यामुळं वाटेत निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे. एकदा जमादारानं तेजाबाची बाटली धरली. "ये क्या है जी? बम बनाते क्या?" दाजींनी त्याला सावलीत बसवलं आणि डांबरापासून गोळीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या अस्खलित उर्दूत समजावल्या. जमादार आधी ऐकत होता, मग डुलक्या घेत होता, शेवटी हात जोडून म्हणाला, "जाव मियाँ. तुम्हारी दवा बनने तक बीमार खुद अच्छा हो जाता." दाजी हे वाक्य प्रशंसा म्हणून सांगत.

ते तेजाब गोठ्यात ज्या दिवशी उघडलं, त्या दिवशी चुकून थोडं पाणी त्यात पडलं. असा धूर निघाला, की गल्लीतला प्रत्येक माणूस घरचं कुणी गेल्यासारखा रडू लागला. शेजारच्या वाणीणबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्याला भोकं पडली. दाजी डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "पायरी तिसरी जमली." पुढं दोन वर्षांनी, पातेलंभर सामानातून, चिमूटभर पांढरी पूड तयार झाली. ती बाटलीत घालून त्यांनी ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि आम्ही सगळ्यांनी तिला मनसोक्त हसून घेतलं. शाळेत मी मास्तर होतो. मास्तरांच्या खोलीत दाजींच्या नकला करणं हा माझा मधल्या सुट्टीचा उद्योग होता.

मग अक्काचं दुसरं बाळंतपण झालं. मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी अक्काला ताप भरला. ती बरळू लागली. दवाखान्याचे डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं आणि आम्हाला ओसरीवर घेऊन म्हणाले, "सल्फा पायजे. माझ्याकडं एक गोळी न्हाय." बोलता बोलता त्यांची नजर देवळीकडं गेली. आमची सगळ्यांचीच गेली. बाळंतिणीसाठी आलेली माझी आई म्हणाली, "जावईबापू, इतकी वर्षं धूर केला. आता द्या की ती पूड."

दाजी देवळीपाशी गेले. बाटली घेऊन गोठ्यात गेले. मी मागोमाग गेलो. बारीक काचनळीत त्यांनी पूड भरली, तेलात उष्णतामापकाशेजारी धरली आणि खाली दिवा लावला. शुद्ध पूड ठराविक आकड्याला एकदम वितळायला हवी होती. ती फार आधीच ओली झाली आणि रेंगाळत वितळत राहिली.

"मळ हाय हिच्यात," ते म्हणाले.

"थोडा असंल, दाजी. काहीच न्हाय त्यापेक्षा बरं."

"कशाचा मळ, त्ये मला माहीत न्हाय, मेव्हणे. मी देणार न्हाय."

मी त्यांना काय वाटेल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, हैदराबादहून आणलेला आपला नाजूक तराजू धोतरात गुंडाळून सायकलला बांधला आणि भर दुपारी बार्शीची वाट धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले तेव्हा तराजू नव्हता. रुमालात सल्फाच्या गोळ्या होत्या. तिथल्या औषधवाल्यानं आपल्यापुरत्या राखून ठेवलेल्या. डॉक्टरांनी पहिली गोळी कुटून पाण्यातून दिली. चौथ्या दिवशी ताप उतरला. उठून बसल्यावर अक्कानं विचारलं, "तुमची पूड का न्हाय दिली?"

"लोकांना द्यायला चांगली वाटायची," दाजी म्हणाले. "तुला द्यायची म्हटल्यावर कच्ची वाटली."

त्यांनी ती पूड फेकून दिली आणि पुन्हा डांबराच्या तेलापासून सुरुवात केली. वजनं आता सोनाराकडं करून आणायचे. दरम्यान लढाई संपली, मग निजामाचं राज्यही गेलं, दवाखान्यात सल्फाच्या गोळ्या मिळू लागल्या आणि डॉक्टर सुईतून द्यायच्या नव्या औषधाचं कौतुक करू लागले. अशात एका सकाळी दाजींनी मला बोलावणं धाडलं. गोठ्यात अक्का उभी होती, तिचा पदर धरून मुलगी. दाजींनी नळी तेलात धरली. आकडा चढत गेला, पूड कोरडीच राहिली, आणि ठरल्या जागी एका क्षणात पाण्यासारखी झाली. नेहमीची थट्टा बाजूला ठेवून मी वाकून नळी पाहिली.

"जमलं, दाजी," मी म्हणालो.

"व्हय," त्यांनी दिवा मालवला. "थोडा उशीर झाला."