लाँचरबाबत लेखी खुलासा

कारण न देता अर्ज फेटाळणाऱ्या अधिकाऱ्याला मी आयुष्यात कधी सोडले नाही. अर्जुनी मोरगावात तलावाच्या पाटापासून बसथांब्याच्या छपरापर्यंत प्रत्येक प्रश्नावर माझी पत्रे गेली आहेत. त्यामुळे नव्या लॅपटॉपने "ही आज्ञा ओळखता येत नाही" एवढ्याच वाक्यावर मला परत पाठवले, तेव्हा माझा संताप अनावर झाला.

तलावाखालच्या धानाच्या बांध्यांना पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे, हे ठरवणारा छोटा प्रोग्राम मुलीने पायथन या संगणकाच्या भाषेत लिहून दिला होता. ती नोकरीसाठी बंगळुरूला असते. पायथन मी स्वतः बसवले. पण ते सुरू करून देणारा लाँचर कुठे आहे, ते सापडेना. मग रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला.

"बाबा, आज्ञा लिहायच्या त्या काळ्या खिडकीत पी आणि वाय, एवढीच अक्षरं लिहा."

"लिहिली. नाही म्हणते."

"मग बसवताना लाँचरच्या चौकोनात खूण नसन केली."

"ती करावी, असे कोणत्या नियमात आहे?"

"आता माझ्याशी काऊन भांडून राहिले? मी का तहसीलदार आहो?"

ती हसे. मागे कुकरची शिटी होई. मध्येच विचारी, "जेवले का? भाजी काय केली?" तिची आई गेल्यापासून हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

लाँचर मात्र मिळेना. शेवटी मी सवयीने बजावले, "तोंडी सांगितलेले मी ग्राह्य धरत नाही. मुद्देनिहाय लेखी दे."

तिने दिले. पायथन बसवणारा इन्स्टॉलर पुन्हा उघडा, बदल करण्याचा पर्याय निवडा, लाँचरसमोर खूण करा, काळी खिडकी बंद करून नव्याने उघडा. इतका निर्दोष आदेश मला एकाही कार्यालयाकडून मिळालेला नाही. मी अंमल केला आणि पाण्याच्या पाळ्या पडद्यावर उतरल्या.

तिला कळवले, तर अंगठ्याचे चित्र आले. त्या संध्याकाळी फोन आला नाही. पुढच्याही नाही. तिला दोष कसा द्यावा? तक्रारीचे निवारण झाले, प्रकरण बंद झाले. वादाला कारणच उरले नाही, तर दाद कशाची मागायची?

तरी काल तिला लिहिले, की लाँचरसंबंधी तोंडी सुनावणीची संधी मिळावी. उत्तर लगेच आले: "रविवारी बोलू, बाबा. अडचण काय आहे ते लिहून ठेवा, म्हणजे वेळ नाही जाणार."

सकाळपासून कागद समोर आहे. 'विषय' एवढा शब्द लिहून झाला आहे.