लंडनच्या विमानाचे वीस तास

विमानाचा हिशेब चुकला म्हणून माझं लग्न लांबलं आणि त्याचं खापर फुटलं माझ्या डोक्यावर. इतकी वर्षं झाली, अजून आठवलं की डोकं फिरतं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. वडील रोज सभेला जायचे आणि न्यायासाठी घोषणा देऊन, घसा बसवून फणसवाडीतल्या आमच्या खोलीत परतायचे. घरात मात्र त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही.

नवरामुलगा लंडनला नोकरीला होता. रजा उशिरा मिळाल्यामुळे तो थेट लग्नाच्या दिवशीच उतरणार होता. तार आली: शनिवारी रात्री आठला निघतो, प्रवास वीस तास. वडिलांनी बोटांवर मोजलं. रविवारी दुपारी चार. सांताक्रूझहून गिरगावातला हॉल टॅक्सीने तासाभरावर, मुहूर्त साडेसहाचा.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. म्हटलं, "बाबा, हे आठ तिथले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. विमान रविवारी रात्री साडेनऊला येईल."

"घड्याळातला फरक तू मला शिकवतेस? जुना मुंबई टाइम नि स्टँडर्ड टाइम, चाळीस मिनिटं! ती धरली तरी पाचच्या आत येतो. आणि नवरीनं यात तोंड घालायचं नसतं."

शहरातली अर्धी घड्याळं जुन्या टाइमावर नि अर्धी नव्यावर, यात त्यांची हयात गेली होती. त्याहून मोठा फरक असू शकतो हे त्यांना पटेचना. साडेचार हजार मैलांवरच्या लंडनलाही त्यांनी तीच चाळीस मिनिटं दिली. रविवारी सकाळी मी पुन्हा सांगितलं, तर आईने डोळे वटारले.

संध्याकाळी मी मुंडावळ्या बांधून बसले. साडेसहा झाले, सात वाजले. विमान पडलं की काय, अशी कुजबुज सुरू झाली. होणाऱ्या सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "पायगुण बघा मुलीचा! अजून उंबरठा ओलांडला नाही, तर ही तऱ्हा!"

वडील तिथेच उभे होते. चूक माझी, एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. त्यांनी नुसती टोपी सारखी केली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

विमान रात्री साडेनऊलाच उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त धरला. अंतरपाटापलीकडून नवऱ्याने विचारलं, "वेळेतला फरक कुणाच्याच लक्षात आला नाही?"

वडील हसून म्हणाले, "नाही हो, जावईबापू. आम्ही साधी माणसं, आम्हाला कुठलं सुचायला!"

"मी सांगितलं होतं," अंतरपाटाआडून मी मोठ्याने म्हणाले. "दोनदा."

भटजींनी घाईघाईने मंगलाष्टकं सुरू केली.