भावजींच्या मापाचा दाब

"फूट ड्रॉप," कोल्हापूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे पाऊल घोट्यातून वर उचलता न येणं. मांडीवर पट्टा फार जोरात आवळल्यामुळे पावलाकडे जाणारी नस दबली होती. "हा दाब ठरवला कुणी?" त्यांनी विचारलं. सांगताना माझं डोकं तडकलं.

ही २००६ ची गोष्ट. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी मांडी पार सुकली होती. मी पालीजवळच्या शाळेत शिक्षिका. शाळा टेकाडावर, वर जायला जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. जूनमध्ये ती चढून हजर व्हायचंच, असं मी ठरवलं होतं.

भावजी, म्हणजे माझे दीर, बोटीवर कामाला. त्यांचाही गुडघा दुखावला होता. जपानच्या बंदरात त्यांना हवेने फुगणारा पट्टा मिळाला. ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन ट्रेनिंग, म्हणजे मांडी आवळून रक्त थोडं अडवायचं आणि हलक्या वजनाने व्यायाम करायचा. तिथल्या डॉक्टरांनी दाबाच्या घड्याळावर भावजींपुरती लाल खूण केली होती.

आमच्याकडे बोटीवरून ट्रंक आली की ओटीवर उघडते आणि आतलं सगळं सगळ्यांचं होतं. एकाचा चष्मा दुसऱ्याने लावलेला मी पाहिलाय. भावजी पुन्हा बोटीवर गेले आणि पट्टा माझ्याकडे आला, लाल खुणेसकट.

रत्नागिरीतल्या फिजिओथेरपिस्टने तरी विचार करायचा! भावजींची मांडी खांबाएवढी, माझी त्यांच्या दंडाएवढी. हा गृहस्थ थेट खुणेपर्यंत पंप मारून मोकळा. बोटं बधिर होतात म्हटलं, तर म्हणाला, "तुमच्या दिरांना चालतं ना? मग घाबरता कशाला?"

घरी सासूबाईंचं तेच. "आगो, जरा सोसायला शिक. जपानचा हाय तो."

सोसलं. मग एका सकाळी चालताना पाऊल फरफटायला लागलं.

डॉक्टरबाईंनी पट्टा बंद केला, पावलाला आधार बांधला. नस सुधारायला महिने गेले. जून गेला, माझ्या वर्गावर दुसऱ्या बाई आल्या. दवाखान्याच्या बाकावर बसून मी रागाने रडायचे.

नस सुधारल्यावर डॉक्टरबाईंनी मला आडवं केलं, पट्टा बांधला आणि घोट्याशी डॉपलर धरलं. डॉपलर म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र. हळूहळू हवा भरली. आवाज थांबला तेव्हा काटा लाल खुणेच्या बराच अलीकडे होता.

"म्हणजे तुम्ही रक्त पूर्ण बंद करून व्यायाम करत होतात," त्या म्हणाल्या. आवाज थांबला त्याच्या निम्मा दाब त्यांनी मला ठरवून दिला. चहा निवायच्या आत झालेलं काम. तेवढं आधी कुणालाच सुचलं नव्हतं!

तुमच्यावर अशी वेळ आली तर दाब स्वतःच्या पायावर मोजून घ्या. बधिर वाटलं की तिथल्या तिथे हवा सोडायला लावा. कुणी सोसा म्हणालं तर सरळ उठून या.

त्या दाबावर व्यायाम करून मांडी भरली. दिवाळीनंतर मी पाखाडी चढले, वर पोचून डॉक्टरबाईंची आठवण काढली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. संध्याकाळी घरी आले तर ओटीवर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "माज्या धाकट्याचा पट्टा शेवटी लागू पडलाच." शेजारीण म्हणाली, "मग माज्या सुनेला द्या की. तिचाही गुडघा सुजलाय."

"नाही मिळणार!" मी ओरडले. "आधी तिला डॉक्टरांकडे न्या. तिच्या पायावर दाब मोजू देत."

सासूबाई बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत त्या ओटीवर माझा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.