मुकी ओटी

मला माझा मागचा जन्म आठवतो, असं आमच्या घरात सगळे सांगतात. मला स्वतःला तो आठवत नाही. पण ही गोष्ट मी इतक्या लहानपणापासून ऐकत आले की माझं जन्मगाव अकोला जसं खरं, तसं मागच्या जन्मी राणी असणंही खरं, असंच मी धरून चालले होते. त्यावरून एक दिवस माझं लग्न ठरेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मला मराठीत लिहायची सवय नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि मनातलं बोलायची सवय तर कुठल्याच भाषेत नाही. तरी हे लिहायला बसले आहे, कारण ज्या माउलीनं मला त्या दिवशी सोडवलं, तिचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

मी नुकती नीट बोलायला लागले होते तेव्हा आई मला उन्हाळ्यात अंजनगाव सुर्जीला आत्याकडे घेऊन गेली होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. त्यांचा पानमळा आहे, आणि त्यांच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याचे डोंगर दिसतात. त्याच डोंगरांत गाविलगडचा किल्ला आहे. गच्चीवर उभी राहून मी म्हणे त्या डोंगरांकडे बोट केलं आणि म्हणाले, माझं घर तिकडे आहे, मी राणी होते. एवढ्यावर आत्यानं पुढची सगळी गोष्ट उभी केली. राणीचा राजा लढाईवर गेला, राणी तळ्याच्या पायरीवर त्याची वाट बघत राहिली, राजाच्या कपाळावर तलवारीचा वण होता, आणि मरताना राणीनं पुढच्या जन्मी त्यालाच वरीन असं वचन दिलं. प्रत्येक लग्नाकार्यात पान लावता लावता आत्या ही गोष्ट सांगायची आणि शेवटी माझ्याकडे सुपारी धरलेलं बोट करायची. "पाहून घ्या, हे आमची राणी!" सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी आईच्या पदरामागे जायची.

पुरावा म्हणून आत्या अजून एक गोष्ट सांगायची, आणि ती मात्र खरी होती. मला बंद दार सहन होत नाही. लहानपणी कोणी खोलीचं दार लावलं की मी रडून आकांत करायची. मोठी झाले, फिजिओथेरपी शिकले, जठारपेठेतल्या एका दवाखान्यात कामाला लागले, तरी घरी झोपताना दार थोडं उघडं लागायचं. शिकत असताना वसतिगृहातल्या मैत्रिणी हसायच्या. मी कारण सांगत नसे. मला कारण माहीतही नव्हतं.

मागच्या वर्षी अमरावतीचं एक स्थळ आलं. मुलाचं नाव वैभव. इंजिनीयर, शांत, मोठ्यांशी नीट बोलणारा. बघायला आले तेव्हा आत्या मुद्दाम अंजनगावहून आली होती. वैभव पोह्यांची बशी घ्यायला पुढे वाकला, केस बाजूला झाले, आणि त्याच्या कपाळावर जुन्या जखमेची खूण दिसली. क्रिकेट खेळताना लागलं होतं, असं त्यानं नंतर मला सांगितलं. पण तोवर आत्या खुर्चीतून उठून उभी राहिली होती. "माय वं! हाच तो!" मग तिनं पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. वैभवच्या आई, ज्यांना मी काकू म्हणत होते, त्यांनी ऐकता ऐकता डोळ्यांना पदर लावला. वैभव लहान असताना चिखलदऱ्याला गेला होता, आणि गाविलगड बघून असा रडला की गाडीतून उतरेचना, असं त्या म्हणाल्या. मग काही विचारायचं उरलंच नाही. पत्रिका कोणी मागितली नाही. मला कोणी विचारलं नाही. सात जन्मांची गाठ विचारून थोडीच बांधतात?

वैभव वाईट होता, असं मी अजिबात म्हणणार नाही. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि मनापासून बोलायचा. तुम्हाला तेव्हा केवडा फार आवडायचा, असं मला वाटतं, असं म्हणायचा. तुम्ही पायऱ्यांवर बसायच्या ते माझ्या डोळ्यांपुढे येतं, म्हणायचा. मला केवड्यानं डोकं दुखतं. पण मी हं म्हणायचे. तो माझ्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याच कोणाशी बोलतोय असं वाटायचं, आणि एकदा वळून बघावं, खरंच कोणी आहे का, असंही. त्यानं मला माझ्या कामाबद्दल, या जन्मातल्या आवडीनिवडींबद्दल कधी विचारलं नाही. त्याला गरजच नव्हती, त्याची माझी ओळख जुनी होती.

नाही म्हणावं असं रोज वाटायचं, आणि रोज भीती वाटायची. हे सगळं खरं असलं तर? मला आठवत नाही हा माझाच दोष असला तर? देवानं बांधलेली गाठ मी माझ्या हातानं तोडली, असं झालं तर? रात्री उघड्या दाराकडे बघत मी प्रार्थना करायचे. माझी प्रार्थना नेहमी 'प्लीज गॉड'नं सुरू व्हायची, शाळेच्या सवयीनं, आणि बहुतेक तिथेच थांबायची.

साक्षगंध ठरलं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. त्याआधी अमरावतीला अंबादेवीची ओटी भरायची आणि पहिलं आमंत्रण देवीला द्यायचं, असं दोन्ही घरांनी ठरवलं. काकूंनी माझ्यासाठी हिरवा शालू पाठवला होता, राणीला शोभेल असा. हिरव्या बांगड्या, गजरा, सगळं त्यांच्या मनासारखं. त्या वेषात आरशात मला मी दिसेना. आम्ही अकोल्याहून सकाळी निघालो आणि देवळात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मंगळवार होता, बायकांची मोठी रांग होती. आई रांगेत उभी राहिली, आत्या आणि काकू हार घ्यायला गेल्या, वैभव बाहेर चपलांपाशी थांबला. बाबा गाडीत होते. मला त्यांनी ओटीचं ताट देऊन एका खांबापाशी बसवलं. शालू जड होता. मी डोळे मिटून म्हटलं, प्लीज गॉड, काहीतरी खूण दे.

डोळे उघडले तर एक म्हातारी माझ्या शेजारी टेकली होती. तिच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. तिच्या ताटात अजून एक खण आणि नारळ उरला होता.

"बाई, तुह्यी ओटी भरू का वं?" ती म्हणाली. "देवीची भरून झाली. एक सवाष्णीची बोलली होती."

मी घाईनं म्हटलं, "आजी, माझं लग्न झालेलं नाही."

तिनं मला गजऱ्यापासून बांगड्यांपर्यंत बघितलं. "लगन झालं नाई? मंग झाल्यावानी काहून बसून रायली?"

इतके महिने माझ्या पोटात जे अडकलं होतं, ते या अनोळखी बाईनं एका वाक्यात बाहेर काढून माझ्या ताटात ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले. तिनं ते पाहिलं, पण काय झालं म्हणून विचारलं नाही. नुसतं देवीच्या दिशेनं हनुवटी उडवली.

"आपली रुक्मिणी इथूनच गेली, माहीत हाय न? तिचं बी ठरलं होतं. राजाशीच ठरलं होतं. पन तिनं इथं येऊन सांगतलं, मले तो नाई पायजे." मग माझ्या हातातल्या ताटाकडे बघून म्हणाली, "मुकी ओटी नोको देऊ बाई. तिले सांग काय ते. न सांगता तिले कसं समजन? तिच्या मांगं कमी लोकं हायेत का?"

एवढं बोलून तिनं गुडघ्यावर हात टेकले आणि उठली. तिला हिवरखेडला जायचं होतं, बस चुकवून चालणार नव्हतं. ती कोणी देवी होती, असं मी म्हणत नाही. तिचे गुडघे खूप दुखत असणार, हे मला तिच्या चालीवरून कळलं. पुढे एक दुसरी सवाष्ण तिला मिळाली आणि तिची ओटी भरताना मी तिला पाहिलं.

आईनं हाक मारली. आमचा नंबर आला होता. गाभाऱ्यासमोर गर्दीनं आम्हाला पुढे ढकललं. मी ताट वर उचललं, देवीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी प्रार्थना मराठीत निघाली. मनात म्हणायची होती, पण घंटेच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला. "आई, मला हे लग्न नको आहे."

पुजाऱ्यांनी ताट घेतलं. मी हात जोडून उभी राहिले. मग कोणीतरी माझा कोपर घट्ट धरला. माझी आई शेजारीच होती, तिनं ऐकलं होतं.

ती मला ओढत बाहेर, पारापाशी घेऊन आली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "कोणती आई म्हणाली तू? तिले, का मले?" मी म्हटलं, दोघींना. ती थोडा वेळ माझ्या बांगड्यांवरून हात फिरवत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ती म्हणाली, त्या दिवशी गच्चीवर ती माझ्याजवळ होती. मी राणी म्हणाले होते, घर तिकडे आहे म्हणाले होते, आणि म्हणाले होते, दार लावून टाकलं, मला बाहेर जायचंय. बस एवढंच. "राजाचं नाव तू कधी काढलंच नाही. मले सगळं माहीत होतं. पण स्थळ चांगलं होतं, म्हणून मी बोलली नाही."

तेवढ्यात आत्या हार घेऊन आली. आईनं तिला तिथेच सांगितलं की साक्षगंध होणार नाही. आत्यानं हार छातीशी धरला. "काय बोलून राहिली तू! सात जन्माची गाठ हाये ते!"

"बाई, राजा तुम्ही घातला गोष्टीत," आई म्हणाली. इतक्या वर्षांत ती आत्यापुढे एवढं सरळ कधी बोलली नव्हती.

आत्या तितक्याच ठसक्यात म्हणाली, "मंग? राजा नाई त राणी कशाची? घातला म्या!"

मला हसू आलं. रडता रडता इतकं हसू आलं की बायका वळून बघायला लागल्या. आईही हसली. शेवटी आत्याच्याही तोंडाचा कोपरा हलला, पण तिनं तो पदरानं झाकला. काकूंना सांगणं सोपं नव्हतं. त्या फार दुखावल्या आणि देवळात निघून गेल्या. त्यांचा राग मला मान्य आहे.

वैभवला मात्र मीच सांगितलं. चपलांच्या गर्दीत उभी राहून, त्याच्याकडे बघत सांगितलं, की मला काही आठवत नाही, आणि लहानपणी मी म्हणाले होते ते इतकंच, की दार लावून टाकलं आहे आणि मला बाहेर जायचंय. तो कपाळावरची खूण बोटानं चोळत राहिला. मग हळूच म्हणाला, "मागच्या जन्मी दार मी लावलं असेल, तर मला माफ करा."

त्यानं ते खरंच मनापासून म्हटलं होतं. मी हात जोडले. त्यानंही जोडले. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला, असं मला वाटलं.

समर्पण म्हणजे जे समोर येईल त्याला मान डोलवणं, असं मी समजत होते. देवाची इच्छा म्हणून मी लोकांच्या इच्छा घेत राहिले, आणि माझं मन त्याच्यापासूनच लपवून ठेवलं. आता वाटतं, देवीच्या पायाशी जायचं तर झाकून काय जायचं? आहे ते सगळं तिच्या पुढ्यात ठेवावं, मग तिनं काय ते करावं. त्या दिवशी माझ्याकडे ठेवायला एक वाक्य होतं. तिनं ते ठेवून घेतलं.

आत्या अजूनही गोष्ट सांगते. परवा अंजनगावला एका बारशाला तिनं पुन्हा पान लावता लावता सुरुवात केली. मी आईच्या पदरामागे न जाता समोर बसून ऐकली. राजा होताच, तो काही ती सोडायची नाही. पण शेवटी राणीनं स्वतः कडी काढली आणि डोंगर उतरून आली, असं तिनं सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. ती राणी खरंच कधी होती का, मला माहीत नाही. असली तर तिला माझा नमस्कार. मला एवढंच सांगायचं आहे की अमरावतीहून परत आले त्या दिवसापासून मी दार लावून झोपते. शांत झोप लागते.