आमच्या नणंदबाईंचा पहिला नंबर

स्वतः मागे राहून दुसरीला पुढे काढण्याचा पगार घेणारी बाई साऱ्या नगर जिल्ह्यात एकच, आणि ती नेमकी माझी नणंद निघावी, याला माझं नशीब म्हणायचं. आमच्या नणंदबाई व्यावसायिक सायकलपटू. आता मेडल, फोटो, पेपरात नाव असलं काही तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेल, तर आधी ते पुसून टाका. त्या संघातल्या मदतनीस. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, जर्सीत पाठीशी कोंबायच्या आणि कुबड आल्यासारखं दिसत पुढच्या मुलींना नेऊन वाटायच्या. समोरून वारा आला की आपण पुढे व्हायचं आणि संघातल्या मुख्य मुलीला पाठीमागे झाकून न्यायचं. शेवट जवळ आला की बाजूला सरकायचं. ती जिंकते, या धापा टाकतात. आमच्या ह्यांनी हे सगळं सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी करवली हाय का ही? मग नवरी कवा व्हायची?"

नणंदबाई नगरला, सावेडीत आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या की सायकल बेडरूममध्ये झोपते आणि आम्ही हॉलमध्ये. मी थापलेली भाकरी आधी वजनकाट्यावर चढते, मग त्यांच्या ताटात. बाजारात निघालो की मला म्हणतात, "वहिनी, वारा समोरून आहे, तुम्ही जरा पुढे चाला ना." माझ्या अंगकाठीचा असा उपयोग माझ्या माहेरीसुद्धा कुणी केला नव्हता! एकदा नागापूरच्या कारखान्यातला एक मुलगा त्यांना बघायला आला. पोह्यांची बशी त्याच्या हातात ठेवून या थेट खाली गेल्या, पंप घेऊन. "तुमच्या गाडीत हवा फार कमी होती, भरून दिलीय," असं वर येऊन सांगितलं. मुलगा भरलेल्या हवेनिशी जो गेला तो गेलाच. गावी, म्हणजे कोपरगावच्या अलीकडे आमच्या सासरी गेल्या की सराव कुणाच्या मागे, तर उसाच्या ट्रॉलीच्या. ट्रॅक्टरवाले इतके ओळखीचे झालेत की मागे वळून विचारतात, "ताई, गानं बदलू का?"

असं हे हसतं-खेळतं प्रकरण. पण या हिवाळ्यात माझ्याजवळ लसूण सोलत बसल्या असताना त्या एकदम म्हणाल्या, "वहिनी, नवा मॅनेजर म्हणतो, तिशी उलटली तुझी. आता येणारी रेस आपल्या मुख्य मुलीने जिंकली तर पुढच्या वर्षी तू राहशील, नाहीतर दुसरी बघू." सोललेल्या पाकळ्या माझ्या वाटीत टाकल्या. मग म्हणाल्या, "सायकल सोडून मला काय येतं हो?" एरवी मी चेष्टा केली असती; त्या दिवशी उठून चहा टाकला.

आणि ती रेस जाणार होती नेमकी आमच्या गावावरून! सायकलवाल्यांमध्ये म्हणे एक रीत असते. रेस जिच्या गावातून जाते, तिला बाकीच्या जरा पुढे सोडतात. तिने घरच्यांना हात करायचा आणि पुन्हा घोळक्यात मिसळायचं. नणंदबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आई, गावात मी सगळ्यांच्या पुढे येईन. रस्त्याच्या कडेला उभी राहा."

सगळ्यांच्या पुढे! बस्स, गावाने एवढंच ऐकलं. आम्ही पोचलो तर 'सुवर्णकन्येचे हार्दिक स्वागत' असा फ्लेक्स, अर्ध्या रस्त्यापर्यंत मांडव, हलगी, गुलाल, आणि फेटा घेऊन रस्त्याच्या मधोमध सरपंच. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "अहो, रेस इथं संपत नाही! अजून पुष्कळ पुढे जायचंय त्यांना!" ते म्हणाले, "व्हय व्हय, चा घ्या तुमी."

तेवढ्यात नणंदबाई आल्या. एकट्या, खरोखरच सगळ्यांच्या पुढे. "पैली आली! पैली आली!" करत गाव रस्त्यावर धावलं. हेल्मेटवर फेटा चढला, हलगी कडाडली, आमचे हे नाचायला लागले. मागून आलेला घोळका कडेने वाट काढत गुलालातून निघून गेला. संघातली मुख्य मुलगी मान वळवून वळवून मागे बघत होती. नणंदबाईंचा एक पाय पॅडलवर होता. "थांबता येत नाही" एवढं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण समोर निरांजनाचं ताट घेऊन सासूबाई उभ्या होत्या, डोळ्यांना धार लागली होती. "पैली आली गं माझी बाय!"

नणंदबाईंनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. कुंकू लावून घेतलं, ओवाळून घेतलं, वाकून पाया पडल्या. मग म्हणाल्या, "आई, पोरी पुढे गेल्यात. त्यांना पोचवते नि येते." आणि जे पॅडल मारलं म्हणता! पण फेटा सोडवत, घोळका गाठत शेवट कधी आला कळलंच नाही. वाऱ्यात एकटी पडलेली मुख्य मुलगी दुसरी आली. या आल्या कितीतरी मागून, लालभडक. मॅनेजरने संघाच्या गाडीतून त्यांचं सामान उतरवून दिलं.

संध्याकाळी सासूबाई लेकीला घेऊन घरोघर पेढे वाटत फिरल्या. नणंदबाई प्रत्येक दारात हसून शाबासकी घेत होत्या. स्वयंपाकघरात मी धरलंच त्यांना. "अहो, खरं काय ते सांगून टाका ना आईंना." तर मला म्हणे, "वहिनी, तुम्हाला माझी शप्पथ आहे. तिला बोलायचं नाही."

त्या अंघोळीला गेल्या आणि सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. रिकामा पेढ्यांचा डबा मांडीवर होता. म्हणाल्या, "पैली आलेल्या पोरीला परत कशाला पळावं लागतंय गं? मला कळत न्हाई व्हय? आमच्यापायी हुबी राह्यली ती, अन् तिचं काम गेलं." पदराने डोळे पुसले. "तिला सांगू नगं हां, मला कळलंय म्हनून."

तेव्हापासून दोघी मायलेकी एकमेकींची समजूत राखून आहेत, खुशाल आहेत. मधल्या मध्ये मी. माझ्या पोटात कधी म्हणून काही राहत नाही, हे उभ्या सावेडीला माहीत आहे. पण ही एक गोष्ट राहिलीय.